थेंबानंतरचं वाक्य

६ ऑक्टोबर, सोमवार

नाटकवाल्यांकडे केव्हाही पोचलं तरी 'सुप्रभात' म्हणायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी संध्याकाळी सहाला तालमीच्या खोलीत शिरून 'शुभ संध्या' म्हणाले आणि पहिल्याच मिनिटाला हसं करून घेतलं. चौतिसाव्या वर्षी नव्या शाळेत घातलेल्या मुलीसारखी कानापर्यंत लाल झाले.

कुराहाशी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आता दिग्दर्शिका. शिमोकिताझावातल्या एका तळघरातल्या ऐंशी खुर्च्यांच्या थिएटरात तिचं नवं नाटक लागतंय. गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर कायमचं बंद होतं त्या दिवशी त्याचा म्हातारा मालक एकटाच बोलत बसतो, एक तास वीस मिनिटं. रंगमंचावर एकच नट, आणि आवाजांसाठी मी. जाहिरातीच्या कागदावर तिने माझ्या नावापुढे ठसठशीत छापून टाकलंय: 'इलेक्ट्रॉनिक संगीत, प्रत्यक्ष वादन'. 'प्रत्यक्ष' हा शब्द मी बोटाने झाकून पाहिला. दोन वर्षांपूर्वी नागोयाला भर कार्यक्रमात माझी बोटं गोठली होती. चाळीस सेकंद काहीच वाजलं नाही. तेव्हापासून मी लोकांसमोर वाजवलेलं नाही, हे कुराहाशीला ठाऊक नाही.

नट म्हणजे उबुकाता-सान. वय शहात्तर, आवाज असा की भिंतीला हात लावला तर कळावा. माझा लॅपटॉप, बटणांची पेटी आणि तळाला चपटा माइक चिकटवलेली लाकडी बादली बघून म्हणाले, "ही पोरगी वाजवणार आहे, का माझे दात काढणार आहे?"

कुराहाशीने मला मागे पडद्याआड बसवायचं ठरवलं होतं. त्यांनी साफ नाही म्हटलं. तरुणपणी ते गावोगाव फिरणाऱ्या कंपनीत होते. तिथे रंगमंचाच्या उजव्या कडेला एक माणूस गुडघ्यांवर बसायचा, समोर फळी, हातात दोन लाकडी ठोकळे. नटाचं पाऊल पडलं की फळीवर ठोक. "तिथे बस. कागद बघायचा नाही, माझे पाय बघायचे. पाय थांबले की तू थांब, निघाले की तू नीघ."

मला ते आवडलं. कुणी माझ्याकडून इतकं साधं काही मागून बरेच दिवस झाले होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

आवाज ठरले. भट्टीची घरघर, बादलीवरची टकटक, रिकाम्या हौदातला घुमारा आणि नळाचा थेंब. बादलीवर नख मारते, तो आवाज मशीनमध्ये ताणते, ओला करते, मग तो थेंब होतो. थेंबानंतर त्यांचं वाक्य येतं: "तुझ्या आईने शेवटची आंघोळ इथेच केली." तालमीत ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, उगाच खोटं कशाला लिहू?

पण म्हातारा हट्टी आहे. मी म्हटलं, थेंब रोज थोडा वेगळा ठेवू, कधी लांबून, कधी जवळून. ते एकदम घाबरल्यासारखे म्हणाले, "नको, नको. तोच थेंब. तसाच. त्याच जागी." मग हसून, "माझ्या वयात बाई आणि थेंब बदलत नाहीत." सगळे हसले. मी हसले नाही. मला संगीतकार म्हणून बोलावलंय की नळदुरुस्तीला?

रंगमंचावर त्यांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या होत्या, त्या त्यांनी दुप्पट रुंद करून घेतल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. मोठ्या नटांचे लाड. ठोकळेवाल्या माणसाची गोष्टही आज पुन्हा सांगितली, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज माझा अपमान झाला.

चौथ्या प्रवेशाआधी ते थांबतात. सोमवारी चार श्वास थांबले, काल सात, आज मी मोजले, अकरा. थांबतात आणि सरळ माझ्याकडे बघतात. मी त्यांचे पाय बघत बसले, पाय हलेनात. शेवटी मी थेंब सोडला तेव्हा कुठे गाडी पुढे निघाली. तालीम संपल्यावर सगळे गोल करून बसतो, चुका सांगतात, तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, "मिनेगिशी-सान, डोळा लागला होता का गं? मी तिथे उन्हात वाळत घातलेल्या माशासारखा लटकत होतो."

खोलीभर हशा. मीही दात दाखवले. आतून जळत होते. त्यांनीच पाय बघायला सांगायचं, पाय हलवायचे नाहीत आणि वर उशीर केला म्हणायचं. माझी परीक्षा घेतायत, दुसरं काय? नागोयाचं यांना कुणी सांगितलं तर नसेल? चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालंय.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

त्यांची बायको आली, इनारी-सुशीचा डबा घेऊन. तिला सगळे 'ओकुसान', म्हणजे वहिनी, म्हणतात, नाव मित्सुए. बारीक, नीटनेटकी, पावलाचा आवाज न करणारी बाई. तिसऱ्या ओळीत मधोमध बसली आणि पूर्ण तालीमभर तिचे ओठ हलत होते. सगळं नाटक पाठ! पन्नास वर्षांच्या संसारानंतर एवढी भक्ती, धन्य आहे. मला तर नवऱ्याचा फोन नंबरही पाठ नव्हता, म्हणून तर नवरा राहिला नाही.

तालीम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते तर ओकुसान जवळ येऊन खाली बसल्या.

"थेंबाचा आवाज बदलणार नाही ना तुम्ही?"

"नाही. उबुकाता-सानांनी ताकीदच दिलीय."

"आणि भट्टीचा?"

"तोही नाही."

"घरी तुमचंच नाव असतं. म्हणतात, ती मुलगी माझा हात धरून नेते."

मी आभार मानले, पण मनात म्हटलं, नवरा टोमणे मारतो आणि बायको मलम लावते, बरी वाटणी आहे. त्या अजून काही बोलणार होत्या. तेवढ्यात उबुकाता-सानांनी आतून हाक मारली, त्यांचा एक बूट सापडत नव्हता. पायातच होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

आजची तालीम सुरुवातीपासून शेवटपर्यंत अप्रतिम झाली. त्यांचे थांबे सहा-सहा श्वासांचे, माझा हात हलका. कुराहाशी रडली. मी सवयीने सगळं ध्वनिमुद्रित केलं होतं.

घरी येऊन ऐकलं. आणि तो विचार आला. लिहायलाही लाज वाटते, पण वहीशी खोटं बोलले तर मग कुणाशी खरं बोलणार? विचार असा: हेच लावून दिलं तर? आमच्या धंद्यात बटणं फिरवणारा हात खरंच काही वाजवतोय की नाही, हे पुढच्या रांगेतल्यालाही कळत नाही. व्हायोलिनवाल्याला ही सोय नाही. आमच्यातले किती जण कशालाही न जोडलेली बटणं डोळे मिटून फिरवतात, ते आम्हालाच माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अर्थात मी करणार नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पहिला प्रयोग. प्रत्यक्ष वाजवलं. चौथ्या प्रवेशाआधी ते तेरा श्वास थांबले. तेरा! ऐंशी माणसं श्वास रोखून बसलेली, ते माझ्याकडे बघतायत आणि माझी बोटं गोठायला लागली, नागोयासारखीच. कसाबसा थेंब सोडला. नंतर संडासात जाऊन ओकले.

बाहेर आले तर उबुकाता-सान घाम पुसत उभे. "छान नेलंस," म्हणाले. मला वाटलं, पुन्हा टोमणा.

१ नोव्हेंबर, शनिवार

केलं.

दुपारच्या प्रयोगाला दुसऱ्या प्रवेशापासून पुढे रविवारचं मुद्रण लावून दिलं आणि हात फिरवत बसले. ते पाच-सहा श्वासच थांबले, सगळं हातमोज्यासारखं बसलं. बोटं मोकळी. दोन वर्षांत पहिल्यांदा मला लोकांसमोर भीती वाटली नाही.

प्रयोगानंतर एक समीक्षक बाई मुद्दाम मला भेटायला थांबल्या. म्हणाल्या, "तुमचे हात त्यांच्याबरोबर श्वास घेतात." मी वाकून आभार मानले. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी ते वाक्य घरी येईपर्यंत मी चार वेळा आठवून पाहिलं.

२ नोव्हेंबर, रविवार

आजही तेच. त्यांचा थांबा मुद्रणापेक्षा जरा लांबला, थेंब त्यांच्या आधी पडला. त्यांनी धावत येऊन वाक्य पकडलं. मला वाटलं, बरं झालं, आता शिस्त लागेल. नट संगीताच्या मागे चालायला शिकला तर बिघडलं कुठे? हे मी खरोखर मनात म्हटलं. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

तोंडावरचा रंग पुसत ते जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "आज तुझे हात माझ्याकडे बघत नव्हते गं."

"जरा साधेपणाने वाजवत होते, उबुकाता-सान."

"असं होय?" थोडा वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिले. "तसं असेल. तूच सांगतेस म्हणजे तसंच असेल."

डोळ्याला डोळा भिडवून मी खोटं बोलले आणि त्यांनी ते घेतलं. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टीचा दिवस, दुपारचा प्रयोग, एकही खुर्ची रिकामी नाही. सगळं क्रमाने लिहिते.

तिसऱ्या प्रवेशात ते भट्टीची गोष्ट सांगत होते. मधेच थांबले. रविवारी, सव्वीसला, ते तिथे थांबले नव्हते. माझं मुद्रण चालतच राहिलं. त्यांचे डोळे माझ्यावर. मी मान खाली घालून बटणं फिरवत होते, कशालाही न जोडलेली. मग थेंब पडला.

थेंब ऐकताच त्यांचा चेहरा उजळला. अगदी सुटल्यासारखे झाले आणि म्हणाले, "तुझ्या आईने शेवटची आंघोळ इथेच केली." भट्टीची गोष्ट अर्धी राहिली होती, दोन पानं मधेच गळाली. आणि तेव्हा, इतक्या दिवसांनी तेव्हा, मला कळलं. त्यांना वाक्यं आठवत नव्हती, माझे आवाज आठवत होते. थेंब म्हणजे हे वाक्य, घरघर म्हणजे ते. म्हणून तोच थेंब, तसाच. म्हणून माझ्याकडे बघायचे.

एक कळ दाबली असती तर मुद्रण थांबलं असतं. बादलीवर नख मारून मी त्यांना मागे आणू शकले असते, निदान प्रयत्न केला असता. बोट कळीवर होतं. पण एकदम तुटलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की मी वाजवत नव्हते. मी बोट उचललं.

मग घरघर आली, ते भट्टीकडे वळले, सांगितलेलंच पुन्हा सांगू लागले. घुमारा आला, ते हौदाकडे गेले. माझ्या यंत्राने त्यांना या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फरफटत नेलं. कुणीतरी हसलं, त्याला वाटलं विनोद आहे. शेवटी मुद्रणात शांतता आली. त्या दिवशी तिथे ते संगीताशिवाय गुणगुणले होते. आज काहीच नाही. ते पिवळ्या पट्टीवर उभे राहिले आणि माझ्याकडे बघत राहिले, आणि माझे हात, देवा, माझे हात फिरतच होते.

तिसऱ्या ओळीतून ओकुसान अर्ध्या उठल्या आणि वाक्य मोठ्याने सांगितलं. त्यांनी ऐकलं. मान हलवली. मग प्रेक्षकांकडे वळून, नाटकातल्या नाही, स्वतःच्या आवाजात म्हणाले, "क्षमा करा. पुढचं मला आठवत नाही." आणि कमरेतून वाकले. दिवे हळूहळू उतरले तरी ते वाकलेलेच होते.

बोळात ओकुसाननी कुराहाशीला आणि मला सांगितलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी निदान केलं होतं, विसरण्याचा आजार. "रंगमंचावर हा आजार येत नाही, असं म्हणायचे. कुणाला सांगू नको म्हणायचे. मी लपवलं, तुम्हाला सगळ्यांना अडचणीत आणलं." कुराहाशी भिंतीला टेकून "माझं लक्ष कसं नाही गेलं?" असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. उरलेले पाच प्रयोग तिने तिथेच रद्द केले.

आणि मग ते बाहेर आले, तोंडावरचा रंग अर्धा पुसलेला. माझ्यासमोर येऊन वाकले. "तुझी बाजू चोख होती. मीच घसरलो. तुझ्या कामाला डाग लावला, माफ कर."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "असं नका म्हणू, उबुकाता-सान." बस, एवढंच. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, ती आयत्या वेळी कधी घेत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कुराहाशीचा फोन आला. "तू ठीक आहेस ना? तुला काय वाटलं असेल, भर प्रयोगात नट असा कोसळला म्हणजे..." माझं सांत्वन करत होती. मी ऐकून घेतलं.

मुद्रण पुसून टाकलं. पुसल्याने काय होतंय?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज त्यांच्या घरी गेले. दोन दिवस वाक्यं जुळवत होते, तीन वेळा स्टेशनवरून परतले होते. सांगितलं तर माझं नाव या शहरात संपेल, हे मला माहीत होतं. पण ते स्वतःला दोष देत बसलेत आणि दोष माझा आहे, हे घेऊन मला झोप येईना.

दारात ओकुसान म्हणाल्या, "सोमवारपासून जेवलेले नाहीत. बोलतही नाहीत. पण शांत आहेत."

ते खिडकीशी बसले होते, खांदे उतरलेले, एकदम लहान दिसत होते. तातामीच्या चटईवर डोकं टेकवून मी सगळं सांगितलं. सव्वीसचं मुद्रण, शनिवार, रविवार, सोमवार, कळीवरून उचललेलं बोट. ओकुसान चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या.

 मग ते म्हणाले, "म्हणजे... थेंब चुकीच्या जागी पडला?"

"हो."

"मी थेंबाचं वाक्य थेंबालाच म्हटलं."

"हो. तुम्ही बरोबर म्हटलंत."

"मग मी विसरलो नव्हतो!"

त्यांनी मांडीवर थाप मारली. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. "ऐकलंस का गं मित्सुए? मी विसरलो नव्हतो! या पोरीने घोळ घातला! मला काही झालेलं नाही, त्या डॉक्टराला काय कळतंय, बारा वर्षांचा दिसतो तो!" मग माझ्याकडे वळून, "अगं गाढवे, एवढ्यासाठी रडतेस? वाजवणारा चुकतो, नट चुकतो, पुन्हा उभं राहायचं. कुराहाशीला फोन लाव. रविवार आहे ना अजून? मित्सुए, भूक लागलीय, वाढ!"

ते ओरडले असते, बादली फेकून मारली असती, तर मी मुकाट सोसलं असतं. ते मला धन्यवाद देत होते. दोन्ही हातांनी माझे हात धरून, याच हातांना.

मी म्हणू शकले असते की थेंब येण्याआधीच तुम्ही थांबला होता. भट्टीची गोष्ट मुद्रणामुळे तुटली नव्हती. ते खरं आहे आणि ते फक्त मला माहीत आहे. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते म्हणता येईना. अर्धं खरं सांगून मी मोकळी झाले.

ओकुसाननी भात वाढला, मग मला सोडायला दारापर्यंत आल्या. बूट घालताना मी विचारलं, "माझं चुकलं का सांगून?"

 आवाज नेहमीसारखाच हलका. "मार्चपासून ते मानतच नव्हते. डॉक्टर चूक, मी चूक, औषध चूक. सोमवारी घरी आल्यावर पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, मित्सुए, मला आजार आहे. उद्या स्मृतीच्या दवाखान्यात यायला तयार झाले होते. ती वेळ मिळायला तीन महिने लागले."

"मी आत जाऊन सांगते," मी म्हटलं. "ते आधीच थांबले होते, हेही सांगते."

"नको. आज जेवतायत." मग त्यांनी हात मांड्यांवर ठेवले. "खरं सांगायला एवढ्या लांब आलात, उपकार झाले." आणि वाकल्या.

मीही वाकले, त्यांच्याहून खाली. त्या उठेनात, म्हणून मलाही उठता येईना. समोर माझे बूट, त्यांच्या पायातले पांढरे मोजे आणि आतून उबुकाता-सानांचं मोठमोठ्याने बोलणं. असा किती वेळ गेला कोण जाणे. मग उबुकाता-सानांनी आणखी एक वाडगा भात मागितला, तेव्हा कुठे त्या उठल्या.